पार्किंगमधल्या ९ गोण्या

(ग्रुप: ए-बी-सी विंग – फक्त कामाचे मेसेज)

साठे वहिनी, बी ३०२: सुप्रभात. लिफ्टच्या दाराशी मातीच्या ९ गोण्या चार दिवस पडून आहेत. फोटो टाकलाय. दोन फाटल्यात. रात्रीच्या पावसाने सगळा चिखल लिफ्टमध्ये. लिफ्ट कोण पुसणार?

चेअरमन: नमस्कार. ज्यांच्या असतील त्यांनी कृपया आजच उचलाव्यात 🙏

पाटील, बी ७०१: ६०३ च्याच. टेरेसवर वाफे करणारेत म्हणे. मागच्या वाफ्यांचे पोपडे अजून माझ्या बेडरूमच्या छताला आहेत. फोटो परत टाकू?

नीता, ए १०४: नको, पाठ झालाय.

कुलकर्णी काका, बी ५०२: मुळात माती चुकीची आणली. फाटलेल्या गोणीतून काय सांडलंय बघा. काळी माती! ही शेतात सोनं, कुंडीत धोंडा. भिजली की फुगते, वाळली की भेगाळते, मग घातलेलं पाणी कडेकडेने खाली ताटलीत आणि मुळं कोरडी. टेम्पोवाला दारात येऊन "शेतातली आहे साहेब" म्हणतो, आपण घेतो. डावीकडच्या तीन गोण्यांत मात्र उत्तम पोयटा आहे, नदीकाठची भुसभुशीत गाळाची माती, चाळलेला.

साठे वहिनी: लिफ्ट कोण पुसणार?

नीता: काका, माझ्या मोगऱ्याला काय घालू? नर्सरीवाला म्हणाला नुसतं कोकोपीट घाला.

कुलकर्णी काका: कोकोपीट म्हणजे नारळाच्या काथ्याचा भुसा. ओल धरतो, पण झाडाला त्यात खायला काही नसतं. क्षार असतात, दोन-तीन पाण्यांत धुऊन घ्या. दोन भाग पोयटा, एक भाग कुजलेलं शेणखत, एक भाग कोकोपीट, वर मूठभर निंबोळी पेंड. शेणखत कच्चं नको, हुमणीची अळी येते आणि मुळं खाते. माझा गुलाब बघा, २६ जानेवारीच्या सुमारास एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनातून आणलेला...

जोशी, ए ४०१: आला गुलाब! आज उशीर झाला जरा 😄

ऋचा, सी २०१: काका, माती विकत आणायचीच कशाला? आवारातला पालापाचोळा रोज पोत्यात भरून कचऱ्यात जातो. तो कुजवा, ओला कचरा घाला. वजनही कमी.

पाटील: वजनाचं बोललात ते बरं केलंत. ओली माती घनफुटाला ४५-५० किलो भरते. एक फूट उंच, १० बाय ४ चा एक वाफा म्हणजे पावणेदोन-दोन टन. माझ्या डोक्यावर.

कुलकर्णी काका: पाचोळ्याची चिलटं कोणाच्या घरात जाणार?

ऋचा: कोरडा पाचोळा वर पसरला की नाही होत, काका. आमच्याकडे या, दाखवते.

खजिनदार: गांडूळखत केलं तर पुणे महापालिका मिळकत करात ५ टक्के सूट देते. सोबत सोलर असेल तर १०.

जोशी: सोलर आहे की आपला. दोन वर्षं बंद आहे, एवढंच.

खजिनदार: त्याची कोटेशन्स मी तीनदा ग्रुपवर टाकली. कोणी अंगठासुद्धा दाखवला नाही.

चेअरमन: सोलर पुढच्या मीटिंगमध्ये घेऊ. विषय भरकटतोय.

साठे वहिनी: विषय लिफ्टचा होता. कोण पुसणार?

नीता: काका, पोयटा खरा की भेसळीचा हे ओळखायचं कसं?

कुलकर्णी काका: काचेच्या बरणीत तिसरा हिस्सा माती, बाकी पाणी. खूप हलवा आणि ठेवून द्या. वाळू मिनिटाभरात तळाशी बसते, त्यावर गाळ, चिकणमाती सगळ्यात शेवटी. पाणी दुसऱ्या दिवशीही गढूळ दिसलं तर चिकण जास्त, कुंडीला नको. आणि राडारोड्याचे तुकडे निघाले तर नर्सरीवाल्याला परत करा.

६०३: नमस्कार, आम्ही गावी आहोत, मेसेज आत्ता पाहिले. फाटलेल्या गोण्या आमच्याच, मनापासून सॉरी. माती काळी निघाली हे खरं, आल्यावर परत देतो. टेरेसवर वाफे नाहीत, बाल्कनीत कुंड्या आहेत. पण आमच्या ६ च होत्या. फोटोत ९ दिसतात.

पाटील: ?

जोशी: काका, डावीकडच्या तिन्ही गोण्यांची तोंडं शिवलेली आहेत. आत "चाळलेला" आहे हे फोटोत कसं दिसलं?

कुलकर्णी काका: हा मेसेज डिलीट केला आहे

कुलकर्णी काका: हा मेसेज डिलीट केला आहे

कुलकर्णी काकू, बी ५०२: साठे वहिनी, लिफ्ट आमचे हे पुसतायत. फडकं घेऊन खाली गेलेत.