एरिनीसना न्याय मिळाला की त्यांना गप्प केलं?

तिरपा_डोळा: ग्रीक नाटककार एस्किलसची ‘ओरेस्टिया’ ही नाट्यत्रयी (इ.स.पू. ४५८) परत वाचली आणि परत चिडलो. बापाच्या, अगामेम्नॉनच्या खुनाचा सूड म्हणून ओरेस्टिसने आईला, क्लायटेम्नेस्ट्राला मारलं. एरिनीस, म्हणजे रक्ताच्या नात्यातल्या खुनाचा सूड घेणाऱ्या देवता, त्याच्या मागे लागल्या. अथेन्सला खटला उभा राहिला. तिथे ओरेस्टिसची बाजू मांडणारा अपोलो देव म्हणतो काय, तर आई ही खरी जन्मदातीच नव्हे, ती नुसती बीज सांभाळते! पुरावा? अथेना देवी, देवांचा राजा झ्यूसच्या डोक्यातून जन्मलेली. आणि पंचांबरोबर मत देणारी कोण? तीच अथेना. मतं समसमान, आरोपी सुटला. वा रे कोर्ट!

घोटभर_चहा: अपोलोचा युक्तिवाद भिकार आहे, मान्य. पण तुमच्या एरिनीस तरी कुठे निःपक्ष? क्लायटेम्नेस्ट्राने अगामेम्नॉनला मारलं तेव्हा तिच्या मागे का नाही लागलात, असं विचारल्यावर उत्तर काय, तर नवरा रक्ताचा नव्हे. मग बसा पिढ्यान् पिढ्या एकमेकांचे गळे कापत. कुठेतरी थांबायला नको?

तिरपा_डोळा: थांबायला हवंच. पण बिल कोणी भरलं? अगामेम्नॉनने पोटच्या पोरीचा, इफिजिनियाचा बळी दिला, तिथून हे सगळं पेटलं. खटल्याच्या नाटकात त्या पोरीचं नावसुद्धा कोणी काढत नाही.

मागच्या_बाकावरची: हा मुद्दा बिनतोड. पण ‘गप्प केलं’ हे नाही पटत. निकालानंतर त्या अथेन्सची जमीन नासवायची धमकी देतात, तेच गाणं शब्दाला शब्द धरून पुन्हा गातात. अथेना धमकीला धमकी देत नाही असं नाही, झ्यूसच्या वज्राच्या कोठाराची किल्ली माझ्याकडे आहे हे हळूच सुनावते. पण मुख्यतः विनवते. लग्नाआधी, मूल होण्याआधी पहिला मान तुमचा, असं कबूल करते. शेवटी लाल वस्त्रं, मशाली, मिरवणूक. गप्प केलेल्यांची कोणी मिरवणूक काढतं का?

आणि एरिनीसना पडलेलं ‘युमेनिडीस’, म्हणजे कृपाळू, हे नाव प्रेमातून आलेलं नाही. आमची आजी रात्री सापाला साप म्हणायची नाही, ‘लांबडं’ म्हणायची. त्यातलाच प्रकार.

तिरपा_डोळा: लांबडं म्हणा, पण राहतं बिळातच ना? यांनाही घर दिलं ते जमिनीखाली.

घोटभर_चहा: अहो, रात्रीच्या लेकी त्या. देवांच्या ऑलिंपस पर्वतावर टू-बीएचके मागितला होता का त्यांनी?