कॅज्युअल्टीतली मारहाणीची माहिती, नावं काढून, शहराच्या कामी यावी का?

सदरकर
नागपुरातली सरकारी हॉस्पिटलं, मेडिकल घ्या की मेयो, शनिवारी रात्री कॅज्युअल्टीत तासभर उभे राहून बघा. कोणाचं डोकं फुटलेलं, कोणाच्या पोटात चाकू. एमएलसी, म्हणजे पोलिसांसाठीची मेडिको-लीगल नोंद, होते, टाके पडतात, विषय संपला. पण महिनाभरात एकाच चौकातून, त्याच बारसमोरून किती जण आले, हे कोण जुळवून पाहतो?

वेल्समधल्या कार्डिफला जोनाथन शेफर्ड या जबड्याच्या सर्जनने हेच केलं. मारहाणीत जखमी होऊन येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणांची पोलिसांकडे नोंदच नसते, हे त्यांच्या लक्षात आलं. मग रिसेप्शनवरच विचारायला लागले: कुठे मारलं, किती वाजता, कशाने. नाव-पत्ता गाळून ती माहिती पोलीस, पालिका आणि डॉक्टरांच्या बैठकीत जायची आणि त्यावरून गस्त ठरायची. २०११ मध्ये बीएमजे या वैद्यकीय नियतकालिकात आकडे छापून आले. मारहाणीमुळे भरती होणाऱ्यांचं प्रमाण लाखामागे महिन्याला ७ वरून ५ वर आलं. तुलनेला घेतलेल्या १४ शहरांत ते ५ वरून ८ वर गेलं. नागपुरात काहून नको?

लकडगंजचा वकील
कारण तिथे ती माहिती नवी होती. आपल्याकडे एमएलसी झाली की पोलिसांना खबर जातेच. मग हे काय, अजून एक रजिस्टर?

सदरकर
वकीलसाहेब, एमएलसी त्या एका केससाठी असते. उद्या कोर्टात लागेल म्हणून जखमेची लांबी-रुंदी लिहितात, जागेपुढे नुसतं ‘रोडवर’ लिहिलं तरी चालून जातं. आणि पोलिसांचं लचांड नको म्हणून ‘जिन्यावरून पडलो’ सांगणारे वेगळेच.

लकडगंजचा वकील
तेच म्हणतो मी. पोलिसांच्या भीतीने जो खोटं सांगतो, त्याला तुम्ही अजून तीन प्रश्न विचारणार आणि उत्तर शेवटी पोलिसांच्याच टेबलावर. तो खरं कशाला बोलेल?

रात्रपाळी
मी सिस्टर आहे, सरकारीत. कार्डिफचं रिसेप्शन वाचून हसू आलं. आमच्याकडे एका पेशंटमागे दहा नातेवाईक, स्ट्रेचर ढकलायला माणूस नाही, आणि खिडकीवरचा मुलगा केसपेपर काढता काढता शिव्या खातो. त्याने विचारायचं ‘दादा, चाकू होता की बाटली?’ आधी माणसं द्या. दोन टिक करायच्या चौकटी असतील तर जमेल. फॉर्म आला की सगळीकडे ‘माहीत नाही’ लिहून मोकळे होतील.

महालचा पोरगा
पोलीस, गस्त, नकाशा. मार्च २०२५ मध्ये आमच्याकडे दंगल झाली, कर्फ्यू लागला. त्यानंतर पत्ता सांगितला की समोरचा कसा बघतो, ते आम्हाला विचारा. उद्या दवाखान्याच्या आकड्यांवरून वस्तीवर लाल ठिपका पडेल. नाव गाळलं तरी मोहल्ल्याचं नाव राहतंच की. खोली भाड्याने मिळायची मारामार, त्यात हे.

सदरकर
ठिपका मारामारीच्या जागेवर पडतो भाऊ, जखमी राहतो तिथे नाही. बर्डीच्या बारबाहेर भांडण झालं तर ठिपका बर्डीत.

महालचा पोरगा
आणि गल्लीत झालं तर?

धंतोलीची ताई
तुम्ही सगळे बार आणि चौकातच अडकलात. बाईला मारतात घरात. ‘जागा: घर, वेळ: रात्री ११, वस्तू: बेलणं’ एवढं लिहून अमक्या गल्लीचं नाव टाकलं, तर तिला ओळखायला नाव कशाला लागतं? सासरच्यांना कळायला अर्धा दिवस पुरे. घरातल्या केसेस या यादीत नकोतच. त्यांच्यासाठी मुंबईत भाभा हॉस्पिटलमध्ये २००० पासून ‘दिलासा’ केंद्र आहे, बाईशी तिथेच बसून बोलतात. मला तसं इथे प्रत्येक कॅज्युअल्टीत हवंय, नकाशा नंतर.

सदरकर
घर वगळायचं, मान्य. गल्लीऐवजी चौक किंवा मोठा रस्ता लिहायचा, आकडे लहान असतील तर दाखवायचेच नाहीत. पण म्हणून चौकातली माहितीही फेकून द्यायची? बंद पडलेला पथदिवा, रात्री उशिरापर्यंत चालणारा पानठेला, ही कामं महापालिकेची आहेत. त्याला पोलीस लागत नाहीत.

लकडगंजचा वकील
मग यादी पोलीस ठाण्याला न देता पालिकेच्या आरोग्य विभागाला द्या, आणि ती कोर्टात पुरावा म्हणून वापरणार नाही हे आधी लेखी घ्या. तेवढं झालं तर माझा विरोध अर्धा.

महालचा पोरगा
माझा पूर्ण आहे.

रात्रपाळी
चौकटी दोनच ठेवा. आणि रात्री खिडकीवर दुसरा माणूस.