सीजे-३बी: मागच्या ॲक्सलात लॉकर घालावा की एलएसडी?

मालवा_जीप (इंदूर)
सीजे-३बी जीप, पेट्रोल. मागे डॅना ४४ ॲक्सल, क्राऊन-पिनियनचं गुणोत्तर ५.३८, टायर ६.००-१६. गाडी नव्वद टक्के शहरातच फिरते, सुट्टीला मांडू नाहीतर चोरल. पावसाळ्यात शेताच्या काळ्या मातीत फोर-व्हील लावूनही पुढचं एक आणि मागचं एक चाक नुसतं गरगरतं. डिफरेन्शियलमधल्या (वळणावर दोन चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा गिअरसंच) स्टार पिनियनच्या जागी बसणारा ऑटोमॅटिक लॉकर, म्हणजे दोन्ही चाकं एकत्र बांधणारा, स्वस्तात पडतोय. डांबरी रस्त्यावर चालेल का? की क्लचवाली एलएसडी (लिमिटेड स्लिप डिफरेन्शियल, एक चाक घसरलं तरी दुसऱ्याला थोडा जोर देणारं) बघू?

गिअरतेल
भाऊ, या गाडीत ऑटोमॅटिक लॉकर नको. व्हीलबेस जेमतेम ८० इंच. लॉकर वळणावर बाहेरच्या चाकाला मोकळं सोडतो, पण पाय ॲक्सिलरेटरवर असेल तर दोन्ही चाकं बांधूनच ठेवतो. वळण अर्धं झालं असताना पाय उचलला की खाड्कन पकड बदलते. लांब गाडीत तो नुसता आवाज असतो. इथे मागचा भाग बाजूला सरकतो, त्यात पहिल्या पावसाचा तेलकट रस्ता असेल तर बघायलाच नको.

क्लचवाली रस्त्यावर बरी, पण प्लेटा झिजतात. तेलात फ्रिक्शन मॉडिफायर (प्लेटांची पकड नरम करणारं द्रव्य) लागतो, साधारण १२० मिली. तो नसला की पार्किंगमध्ये वळताना ॲक्सल थरथरतं. तेल बदलल्यावर मोकळ्या मैदानात हळूहळू आठ-दहा वेळा इंग्रजी आठ काढायचा, म्हणजे नवं तेल प्लेटांमध्ये शिरतं.

शहरासाठी माझं मत गिअरवाल्या एलएसडीला. प्लेटा नाहीत, आवाज नाही, मॉडिफायरही घालायचा नाही. उणीव एकच. ती कमी पकडीच्या चाकावरच्या जोराच्या दोन-तीन पट जोर दुसऱ्या चाकाला देते, पण चाक हवेत लटकलं तर शून्याची तिप्पट शून्यच. तेव्हा हँडब्रेक थोडा ओढून धरायचा.

शिम_०१५
हँडब्रेकचं तेवढं खोडतो. सीजे-३बीचा हँडब्रेक चाकांवर नसतो, ट्रान्सफर केसच्या (फोर-व्हीलचा गिअरबॉक्स) मागे प्रॉपेलर शाफ्टवर असतो. तो ओढला तर जोर डिफरेन्शियलला पोचायच्या आधीच अडतो, फिरणाऱ्या चाकावर काहीच परिणाम नाही. डाव्या पायाने फूटब्रेक हलका दाबा. याच कारणाने ओपन (लॉकर-एलएसडी नसलेलं) डिफरेन्शियल असताना मागचं एक चाक जॅकवर घेतलं की नुसत्या हँडब्रेकवर गाडी थांबत नाही, उरलेल्या चाकांना दगड लावावेच लागतात. एलएसडी किंवा लॉकर बसल्यावर उलटा धोका: एक चाक जमिनीवर असताना इंजिन चालू करून गिअर टाकला तर गाडी जॅकवरून उडी मारेल.

आता मुख्य गोष्ट. माल मागवण्याआधी कव्हर उघडा (१० बोल्ट) आणि ॲक्सल शाफ्टचे स्प्लाइन (टोकावरचे उभे दात) मोजा. जुन्या जीपला बहुधा १९ निघतात, बाजारातला बराच माल ३० चा. दुसरं, डॅना ४४ चे कॅरियर (क्राऊन ज्यावर बसतो तो सांगाडा) दोन प्रकारचे: ३.७३ गुणोत्तरापर्यंतचा वेगळा, ३.९२ पासून पुढचा वेगळा. तुम्हाला दुसरा लागेल. क्राऊनचे दात ४३ आणि पिनियनचे ८ भरले की ५.३८ पक्का.

मालवा_जीप
मोजले. स्प्लाइन १९, दात ४३ आणि ८. ड्रम काढला तर शाफ्टचं टोक निमुळतं, त्यावर चावी (शाफ्ट हबला अडकवणारा लोखंडी तुकडा), मोठा नट.

शिम_०१५
म्हणजे दोन तुकड्यांचा ॲक्सल: हब वेगळा, शाफ्ट वेगळा. लॉकरमुळे सगळा जोर कधीकधी एकाच शाफ्टवर येतो, आणि हा शाफ्ट चावीच्या खाचेपाशी तुटतो. तुटला की हबसकट चाक निघून जातं. खर्च करायचाच तर आधी अखंड शाफ्ट, ३० स्प्लाइनचे, मग त्याच मापाची गिअरवाली एलएसडी. क्रम उलटा करू नका.

बसवताना पिनियनला हात लावायची गरज नाही, खोली तीच राहते. कॅरियर बदलल्यावर बॅकलॅश (क्राऊन-पिनियनच्या दातांमधली मोकळीक) मात्र नव्याने लावायचा, ०.१५ ते ०.२५ मिमी, तोही क्राऊनवर तीन-चार ठिकाणी डायल गेज लावून. डॅनाचे शिम (माप जुळवायच्या पातळ चकत्या) बेअरिंगच्या आत असतात, दर वेळी बेअरिंग ओढलं तर ते खराब होतं. जुन्या बेअरिंगची आतली रिंग घासून हाताने सरकेल इतकी सैल करा, माप तिच्यावर जुळवा, शेवटी नवं बेअरिंग ठोका. हाऊसिंग स्प्रेडरने ०.५ मिमीच्या वर फाकवू नका, ते परत येत नाही. बेअरिंगच्या कॅपवर डावी-उजवी खूण करून ठेवा, अदलाबदल चालत नाही.

गिअरतेल
हँडब्रेकचं बरोबर, चूक माझी. एअर लॉकरही (हवेच्या दाबाने लागणारा) चांगला, नको तेव्हा बंद राहतो. पण गाडी अजून ६ व्होल्टवर असेल तर कंप्रेसर विसरा.

आणि भिया, मागची दोन्ही टायरं एकाच मापाची, सारखी झिजलेली ठेवा. एक नवं, एक गुळगुळीत असलं तर सरळ रस्त्यावरही एलएसडी राबतच राहते. काळ्या मातीसाठी तर आधी खोल नक्षीची टायरं घालून बघा. दातांमध्ये चिखल भरून चाक गुळगुळीत झालं की कुठलाही लॉकर दोन्ही चाकं नुसती एकत्र फिरवेल.

मालवा_जीप
१२ व्होल्ट आहे. तरी आधी टायर, मग शाफ्ट. अखंड शाफ्ट घेताना लांबी डावी-उजवी वेगळी असते ना?

शिम_०१५
हो, डिफरेन्शियल मध्यावर नाही, एका बाजूला सरकलेलं आहे. दोन्ही शाफ्ट मोजून, डावा-उजवा लिहून द्या.