आधी घड्याळ बघा

अनबाउंड हा डीएनएस सर्व्हर (वेबसाइटच्या नावावरून तिचा आयपी पत्ता शोधणारा प्रोग्राम) सोर्समधून नीट बिल्ड झाला, सुरूही झाला, तरी प्रत्येक नावाला सर्व्हफेल, म्हणजे ‘उत्तर देता आलं नाही’ अशी एरर, येतेय म्हणता, तर परत कंपाइल करत बसू नका. डीएनएसला नाव विचारून बघायच्या डिग कमांडला +सीडी (म्हणजे पडताळणी नको) लावून बघा. उत्तर आलं तर गडबड डीएनएससेक पडताळणीत, म्हणजे उत्तर खरं आहे का ते डिजिटल सह्यांवरून तपासण्यात, आहे.

आमच्या खानापूरच्या दुकानात पावसाळ्यात लाईट गेली की जुन्या पीसीचं घड्याळ मागं पडायचं. घड्याळ चालू ठेवणारा मदरबोर्डवरचा सेल संपलेला. डीएनएससेकच्या सह्यांना मुदत असते, मागच्या सालात अडकलेल्या मशीनला त्या अजून लागूच न झालेल्या वाटतात. त्यात नेटवरून घड्याळ लावून देणाऱ्या एनटीपी सर्व्हरचं नाव शोधायलाही हाच डीएनएस! नाव मिळेना म्हणून घड्याळ लागेना, घड्याळ लागेना म्हणून नाव मिळेना. शेवटी एनटीपीला थेट आयपी दिला आणि बेळगावातून सीआर२०३२ सेल आणला.