काढा म्हणजे औषध की घरचं खाणं? डॉक्टरला सांगायचा की नाही?

महालवाली

वाद घालायलाच धागा काढते आहे, तेव्हा खुशाल तुटून पडा.

माझे बाबा ७१ वर्षांचे, राहायला नागपुरात, त्रिमूर्तीनगरात. बीपीच्या दोन गोळ्या, त्यातली एक पाण्याची (लघवी वाढवणारी). आठ वर्षं सगळं सुरळीत होतं. डिसेंबरात थंडी पडली, घसा धरला आणि ओळखीतल्या एकानं इतवारी बाजारातून काढ्याची पुडी आणून दिली. आठवड्यात घसा सुटला. काढा काही सुटला नाही. पहाटे उठून लहान पातेल्यात मूठभर काड्या टाकायच्या, पाणी निम्मं होईस्तोवर उकळायचं आणि स्टीलच्या पेल्यातून गॅलरीत उभ्यानं प्यायचं. एकदा मी त्यातली एक काडी चावून पाहिली. आतून पिवळी, चवीला गोड. ज्येष्ठमध.

फेब्रुवारीत पायात गोळे यायला लागले, घोटे सुजले, बीपी १७२/१००. डॉक्टरांनी गोळी वाढवली, फरक शून्य. तिसऱ्या खेपेला रक्त तपासलं तर पोटॅशियम २.९. तेव्हा तिथल्या एका शिकाऊ डॉक्टर मुलीनं विचारलं, "काका, या गोळ्यांशिवाय आणखी काही घेता का?" बाबा म्हणाले, "नाही." मी शेजारीच बसलेली. बाहेर आल्यावर म्हटलं, बाबा, काढा? तर म्हणतात, "अगं, ते औषध थोडंच आहे!"

परत आत जाऊन सांगितलं. काढा बंद केला, पोटॅशियम भरून काढलं, तीन आठवड्यांत बीपी जाग्यावर आलं.

माझं म्हणणं एवढंच की ज्यानं घसा बरा होतो ते औषधच. मग त्याला मात्रा हवी, मुदत हवी आणि डॉक्टरच्या कागदावर त्याचं नाव हवं. पटत नसेल त्यांनी का पटत नाही ते सांगा.

तर्रीबाज

बाप्पा बाप्पा, एका मुळीच्या मांगं एवढा गोंधळ! माह्या आजीनं जनमभर ज्येष्ठमध चघळला, ९२ वर्षं जगली, दवाखान्याचं तोंड नाई पाह्यलं. बीपी कायनं वाढला ते तुमाले काय ठाऊक? उतारवयात वाढतेच. डॉक्टर लोकाइले निमित्तच पाह्यजे.

मेडिकल_चौक

भाऊ, तुमच्या आजीला माझा नमस्कार, पण ती पाण्याची गोळी घेत होती का? गोम तिथंच आहे. ज्येष्ठमधात ग्लिसिरायझिन असतं. मूत्रपिंडात कॉर्टिसॉल या संप्रेरकाला निष्प्रभ करणारं एक एन्झाइम असतं, ते यानं अडतं. मग तेच कॉर्टिसॉल अल्डोस्टेरॉनसारखं, म्हणजे मीठ धरून ठेवणाऱ्या संप्रेरकासारखं, वागायला लागतं, मीठ-पाणी अंगात साठतं आणि पोटॅशियम लघवीवाटे जातं. पाण्याच्या बऱ्याचशा गोळ्याही पोटॅशियम बाहेर काढतात. म्हणजे एकाच टाकीला दोन भोकं. पायातले गोळे, सूज, बीपी, तिन्ही गोष्टी त्यात बसतात. निमित्त शोधायची गरजच नाही.

१९ वर्षं औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा आहे. "सोबत आणखी काय सुरू आहे?" असं विचारलं की गिऱ्हाईक मधुमेहाची गोळी सांगते, थायरॉइडची सांगते. मेथीदाणा, कारल्याचा रस, जांभळाच्या बियांचं चूर्ण कोणी सांगत नाही. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणारा माणूस उपाशीपोटी कारल्याचा रस पिऊन फिरायला निघतो आणि अंबाझरी तलावाच्या बाकावर घामाघूम होऊन बसतो. साखर खाली गेलेली असते.

वैद्य_मानेवाडा

महालवालीताई, वडिलांच्या बाबतीत चूक झाली हे मान्य. पण आरोपीच्या पिंजऱ्यात आयुर्वेदाला कशाला उभं करता? पुडी वैद्यानं दिली होती का? यष्टीमधु म्हणजे ज्येष्ठमध, त्याच्या चूर्णाची मात्रा आयुर्वेदाच्या औषधिकोशात २ ते ४ ग्रॅम दिलेली आहे. मूठभर काड्या रोज, तेही दोन महिने, असं कोणता वैद्य सांगेल? चरकसंहितेत स्पष्ट म्हटलंय की नीट योजलं तर तीव्र विषही उत्तम औषध होतं आणि वाईट योजलं तर औषधाचं विष होतं.

वनस्पतींना हसणाऱ्यांनी सर्पगंधा आठवावी. १९४९ साली मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकिलांनी ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये उच्च रक्तदाबावर सर्पगंधेचा अनुभव मांडला, तेव्हा कुठे जगाला जाग आली. मधुमेहाच्या मेटफॉर्मिन गोळीची गोष्टही युरोपातल्या एका रानटी झुडपापासून सुरू होते.

मेडिकल_चौक

वैद्यराज, डॉ. वकिलांचं उदाहरण तुम्ही दिलंत, पण ते माझ्या बाजूनं साक्ष देतं! त्यांनी ठरावीक मात्रा दिली, दाब मोजला, लिहून ठेवला आणि छापला. पुढे १९५२ साली सर्पगंधेतून रिसर्पिन हे द्रव्य वेगळं काढलं, जगभर वापरलं, आणि माणसं उदास व्हायला लागली तेव्हा त्याचा वापर कमी झाला. मोजलं म्हणून गुण कळला, मोजलं म्हणून दोषही कळला. इतवारीच्या पुडीवर तर नावही नसतं.

२००४ साली बोस्टनच्या आसपासच्या दुकानांतली ७० आयुर्वेदिक औषधं तपासली होती. त्यातल्या पाचातल्या एकात शिसं, पारा नाहीतर आर्सेनिक सापडलं.

वैद्य_मानेवाडा

रसौषधी (पारा-धातूंची) आणि साधी काष्ठौषधी (वनस्पतींची) यांची सरमिसळ करू नका. शोधन-मारण, म्हणजे शुद्ध करून जाळणं, नीट न केलेल्या धातूच्या भस्माचा दोष ज्येष्ठमधावर कसा येतो? आणि तुमच्या काउंटरवर चिठ्ठीशिवाय अँटिबायोटिक मिळत नाही, असं छातीवर हात ठेवून सांगा.

मेडिकल_चौक

माझ्याकडे मिळत नाही. शेजारच्याचं मी काय सांगू! हा टोला बसला, कबूल. पण माझ्याकडच्या गोळ्यांच्या पट्टीवर घटक, मात्रा, तारीख आणि बॅच नंबर असतो. चुकलं तर काय चुकलं ते शोधता येतं.

भाकरी_आणि_भाजी

मी आहारतज्ज्ञ आहे. दोन्ही बाजू एक गोष्ट विसरताहेत, ताट. राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत देशातल्या एकूण रोगभारातला ५६.४ टक्के वाटा चुकीच्या आहाराचा धरला आहे. पण माझ्याकडे येणारा पहिला प्रश्न काय असतो? "मॅडम, कोणती पावडर घेऊ?"

बीपीचं बोलायचं तर दिवसाला मीठ ५ ग्रॅमच्या आत हवं, म्हणजे सपाट चमचाभर, आणि त्यात सगळं आलं. सकाळी तर्री-पोह्यांवर मूठभर शेव, दुपारी पापड-लोणचं, रविवारी सावजी रस्सा. तो चमचा दुपारीच संपतो! आपल्याकडे ज्वारीची भाकरी आहे, अंबाडीची भाजी आहे, जवसाची चटणी आहे (मीठ हात राखून), हंगामात संत्री आहेत. यातलं काही डब्यात भरून विकावं लागत नाही.

पोषणोपचाराच्या नावानं शिबिरं भरतात, तो तर वेगळाच तमाशा. मागच्या महिन्यात मावशीला घेऊन एका सभागृहात गेले होते. हातात धातूचा दांडा धरायला दिला, दोन मिनिटांत ३८ पानांचा रंगीत रिपोर्ट. रक्ताचा थेंबही न काढता कॅल्शियम, झिंक, "यकृतातील विषद्रव्य" सगळं आकड्यांत. खाली सहा हजारांचा संच. मी हळूच दांडा ओल्या रुमालात धरला, तर माझं झिंक एकदम सुधारलं.

तर्रीबाज

हे मात्र खरं हाय. माह्या साळ्यानं तोच संच घेतला. आता घरी डबे मोजून राह्यला.

कुरखेड्याची

मी गडचिरोलीची, नोकरीसाठी नागपुरात. आमच्या मामेभावाला सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. गावात सगळ्यांचं निदान एकच, "रक्त कमी आहे." म्हणून बीट, गूळ-खजूर, लोहाचं टॉनिक आणि कुणा जाणत्याची मुळी. पण सिकलसेलमध्ये लाल पेशी १२० दिवसांऐवजी १०-२० दिवसांतच फुटतात. लोह कमी असतंच असं नाही, आणि वरचेवर रक्त चढवलं असेल तर उलट लोह साठत जातं. त्याला उपयोग झाला तो फॉलिक ॲसिड, हायड्रॉक्सियुरिया (डॉक्टरांनी दिलेली गोळी), भरपूर पाणी आणि थंडी टाळण्याचा. मुळीवाल्यानं पैसे घेतले नव्हते, फसवायचा हेतूही नव्हता. पण हायड्रॉक्सियुरिया तीन महिने बंद ठेवायला लावलं आणि त्या तीन महिन्यांत पोरगा दोनदा वेदनेनं तळमळत भरती झाला.

म्हणून "वैद्यानं दिलं की घरच्यांनी" हा वाद मला गौण वाटतो. सुरू असलेली गोळी बंद करा असं जो तपासणीशिवाय सांगतो, त्याच्याकडे जाऊ नये.

वैद्य_मानेवाडा

हे वाचून काही बोलवेना. माझ्याकडे कोणी आलं तर आधीच्या सगळ्या गोळ्यांचा कागद मागतो, आणि ॲलोपॅथीची गोळी माझ्या जबाबदारीवर बंद करत नाही. पण एक सल आहे तो सांगतो. मी कागदावर यष्टीमधु लिहून देतो आणि पेशंट तो कागद तिकडे दाखवत नाही. कारण डॉक्टर ओरडतात, "कोणी सांगितलं हा कचरा खायला?" चारचौघांत असा अपमान झाल्यावर पुढच्या वेळी कोण सांगणार?

महालवाली

वैद्यसाहेब, हे खरं आहे. बाबांना नंतर विचारलं, तेव्हा नेमकं हेच म्हणाले. आधीच्या डॉक्टरांनी हळदीच्या दुधावरून त्यांची खिल्ली उडवली होती, तेव्हापासून तोंड उघडायचं नाही असं ठरवलं होतं. त्या शिकाऊ मुलीनं खुर्ची ओढून, शेजारी बसून विचारलं होतं. तरी ते "नाही"च म्हणाले, एवढी ती अढी पक्की.

बाबा हा धागा वाचताहेत, चष्मा पुसून पुसून. त्यांचा एक प्रश्न आहे. ज्येष्ठमध सोडला, पण गुळवेल चालेल का? गुळवेलीची दुसरी पुडी अजून कपाटात आहे.

मेडिकल_चौक

आधी यकृताची तपासणी करून घ्या. २०२१ साली मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याचं छापलं होतं.

वैद्य_मानेवाडा

आणि आयुष मंत्रालयानं त्यावर विचारलं होतं की ती वनस्पती गुळवेलच होती हे तपासलं का? तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेलही असते. ताई, वाळलेले तुकडे फोटोवरून ओळखता येत नाहीत, पुडी घेऊन या. वरचं वेष्टन फेकू नका, त्यावर नाव असेल.

महालवाली

वेष्टन मराठी पेपरचं आहे. त्यावर लग्नाच्या जाहिराती आहेत.