प्रति: शेवंडाची पिल्लं किनाऱ्याला येतात कशी
शेवंडाची (लॉबस्टरची) पिल्लं नुसती प्रवाहाबरोबर वाहत किनाऱ्याला येतात असं इथे कुणीतरी म्हटलंय, पण पूर्ण तसं नाहीये हो. पश्चिम ऑस्ट्रेलियातल्या रॉक लॉबस्टर या शेवंडाचं बघा, अंड्यातून निघालेलं पिल्लू एकदम चपटं नि पारदर्शक, ते रात्री वर येतं तेव्हा वाऱ्याने ढकललेलं वरचं पाणी त्याला शेकडो किलोमीटर आत समुद्रात नेतं, मग मोठं झालं की दिवसा खोलवर राहतं आणि तिथलं पाणी किनाऱ्याकडे सरकत असतं. असे 9 ते 11 महिने! शेवटी प्युरुलस अवस्थेत (म्हणजे छोट्या शेवंडासारखं दिसायला लागतं तेव्हा) काहीही न खाता, साठवलेल्या चरबीवर, स्वतः पोहत उथळ खडकांपर्यंत, समुद्री गवतापर्यंत येतं, मला हेच सगळ्यात भारी वाटतं. तिथे कृत्रिम गवताचे कलेक्टर (पिल्लं येऊन बसतील असे सापळे) लावून किती पिल्लं आली ते मोजतात आणि त्यावरून 3-4 वर्षांनंतर किती शेवंड मिळेल याचा अंदाज बांधतात.