हंबनटोटा: ब्रॉटिगम की चेलानी?

निनाद_एमए२
राज्यशास्त्राच्या एमएला लघुप्रबंध करतोय, विकसनशील देशांतल्या चिनी कर्जांवर. सर म्हणाले डेबोरा ब्रॉटिगम वाच, चीन-आफ्रिका संबंधांच्या अमेरिकी अभ्यासक. वाचलं. श्रीलंकेतलं हंबनटोटा बंदर चीनने कर्जापोटी बळकावलं ही गोष्टच त्यांना मान्य नाही. इकडे आपले सामरिक विश्लेषक ब्रह्म चेलानी २०१७ पासून 'कर्जाचा सापळा' म्हणताहेत, म्हणजे न फेडता येणारं कर्ज देऊन देशाला कह्यात घेणं. कुणाच्या बाजूने लिहू?

काका_रत्नागिरी
पैसे फेडले नाहीत, बंदर ९९ वर्षांसाठी गेलं. सावकारी दुसरं काय असते? यात प्रबंध कसला लिहायचा!

अनघा_शिकवते
काका, सावकार जमीन घेतो तेव्हा कर्ज तरी मिटतं. इथे तेही मिटलं नाही. चायना मर्चंट्स या चिनी सरकारी कंपनीने २०१७ च्या भाडेकरारात १.१२ अब्ज डॉलर मोजले, ते श्रीलंकेच्या गंगाजळीत गेले. बंदरासाठी घेतलेली चिनी सरकारी एक्झिम बँकेची कर्जं जागच्या जागी राहिली. कोलंबोला डॉलरची निकड होती ती मुख्यतः बाजारात विकलेल्या रोख्यांपायी.

निनाद, बाजू कसली घेतोस, ब्रॉटिगमबाईंची पद्धत बघ. चिनी मदतीकडे फारसं कुणी बघत नव्हतं तेव्हा, १९८० च्या दशकात, त्या लायबेरिया, सिएरा लिओन, गांबियातले चिनी भातशेतीचे प्रकल्प अभ्यासत होत्या. आकडा ऐकला की जागेवर जाऊन पडताळायचा, ही सवय तिथली. चीनने आफ्रिकेत ६० लाख हेक्टर जमीन घेतली असं छापून यायचं. त्यांना खात्रीने सापडली अडीच लाखांहून कमी.

माझी कुरकुर वेगळी आहे. सापळा नव्हता एवढं वाचून विद्यार्थी चीनला क्लीन चिट देऊन मोकळे होतात. बंदराच्या पहिल्या टप्प्याचं कर्ज ३० कोटी ७० लाख डॉलर, व्याज ६.३ टक्के. हे काही दानधर्माचे दर नव्हेत! पण बंदर तिथेच का? तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष महिंदा राजपक्षे त्याच जिल्ह्याचे. आणि कॅनडाच्या कंपनीने तिथल्या बंदराची पाहणी २००३ मध्येच केली होती, म्हणजे कल्पना काही बीजिंगची नव्हे. सुरुवात कोलंबोपासून कर: हे कर्ज तिथे कुणाला हवं होतं?

दर्यावर्दी_अलिबाग
गाड्या वाहणाऱ्या जहाजावर सेकंड ऑफिसर होतो, हंबनटोटाला लागायचो. एका जहाजाच्या गाड्या यार्डात उतरवायच्या, मग दुसरं जहाज येऊन त्या उचलणार. त्यात भारतात बनलेल्याही असायच्या. चिनी युद्धनौकांच्या रांगा काही दिसल्या नाहीत. ऑगस्ट २०२२ मध्ये उपग्रह-क्षेपणास्त्रांचा माग काढणारं चिनी जहाज 'युआन वांग ५' आलं, दिल्लीची हरकत असूनही, हेही तितकंच खरं.

निनाद_एमए२
मॅडम, मग यात भारत आणू का?

अनघा_शिकवते
आणच. २०२२ मध्ये आपण श्रीलंकेला सुमारे ४ अब्ज डॉलरचा हात दिला, आणि कोलंबो बंदराच्या वेस्ट टर्मिनलमध्ये अदानींचा वाटा ५१ टक्के आहे. चीनला विचारतोस तेच प्रश्न इथेही विचार. बातम्यांची कात्रणं कमी कर. २०२१ मध्ये संशोधकांनी १०० चिनी कर्जकरार तपासले होते, ते काढ आणि आधी गोपनीयतेची कलमं वाच. परीक्षक नेमके तिथेच अडवतात.